नुकसान, हानी, क्षती, तोटा आणि त्यांची भरपाई: नेमका कोणता शब्द कुठे?

कागदीघोडा

सर्वांना नमस्कार. एका इंग्रजी भाडेकराराचे मराठीकरण करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पहिला खर्डा पुरा झाल्यावर तो मोठ्याने वाचून पाहिला, तेव्हा एकाच पानावर ‘नुकसान’ हा शब्द अकरा वेळा आल्याचे लक्षात आले. मुळात त्या जागी लॉस, डॅमेज, डॅमेजेस, इन्जुरी आणि हार्म असे पाच निरनिराळे शब्द आहेत, आणि मी पाचही ठिकाणी डोळे मिटून नुकसान लिहून मोकळा झालो होतो. एक वाक्य तर असे उतरले होते: ‘नुकसान झाल्यास नुकसान करणाऱ्याने त्या नुकसानीची नुकसानभरपाई द्यावी.’

हानी, क्षती, तोटा, इजा, अपाय हे सारे शब्दकोशात नुकसानाच्या पुढे स्वल्पविराम देऊन ओळीने बसवलेले असतात. पण ते खरोखर समानार्थी आहेत का, की प्रत्येकाची जागा वेगळी आहे? तसेच भरपाई, मोबदला आणि क्षतिपूर्ती हे एकच का? आणि शेवटचे, ‘नुकसानाची’ लिहावे की ‘नुकसानीची’? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दुपारची_झोप

ते वाक्य कृपया बदलू नये. सही करण्यापूर्वी भाडेकरूला ते ‘कच्चा पापड, पक्का पापड’च्या चालीवर तीन वेळा न अडखळता म्हणायला लावावे, म्हणजे करार वाचून घेतल्याचा पुरावाही राहील.

शुद्धमती

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत सोपा आहे. मराठीत ‘नुकसान’ हे नपुंसकलिंगी नाम आहे आणि ‘नुकसानी’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. दोन्ही रूढ आहेत. पहिल्याचे सामान्यरूप ‘नुकसाना-’ आणि दुसऱ्याचे ‘नुकसानी-’ होते, त्यामुळे ‘नुकसानाची’ आणि ‘नुकसानीची’ ही दोन्ही रूपे शुद्ध ठरतात. मात्र ‘पिकांचे नुकसान झाले असून या नुकसानीचा पंचनामा करावा’ असे एकाच वाक्यात लिंग बदलणे मला खटकते. सरकारी कागदांत हे सर्रास आढळते. हिंदीत हाच शब्द पुल्लिंगी असल्याने अलीकडे ‘मोठा नुकसान झाला’ असेही कानावर येते; ते मराठी नव्हे.

शब्द मूळचा अरबी आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ ‘कमी होणे’ असा आहे. हिंदी-उर्दूतला ‘नुक्स’, म्हणजे दोष, हा त्याच्याच घरातला. म्हणजे नुकसान म्हणताना मुळात मोडतोड नव्हे तर उणेपणा सांगितला जातो: जे होते त्यातले काही कमी झाले.

लेखनाबद्दल दोन गोष्टी. ‘नुकसानभरपाई’ हा सामासिक शब्द असल्याने तो जोडूनच लिहावा. आणि ‘हानी’, ‘क्षती’ हे शब्द सुटे लिहिताना शेवट दीर्घ, पण समासात पूर्वपदी आले की मूळ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व: हानिकारक, क्षतिपूर्ती. ‘क्षतीपूर्ती’ हे लेखन इतके पसरले आहे की बरोबर लिहिणाऱ्यालाच लोक चूक दाखवतात.

आडवाटेचा_प्रवासी

माझ्या मते मराठीत काय बिघडले त्यानुसार शब्द बदलतो, आणि ‘नुकसान’ हे त्या सर्वांवर पांघरलेले मोठे चादरवजा नाम आहे. घराची पडझड होते, सामानाची मोडतोड होते, धान्याची नासाडी होते, बागेची नासधूस होते, यंत्राची झीज होते. यांपैकी दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा: घराची नासाडी आणि धान्याची पडझड. लगेच दाताखाली खडा येतो.

हे मला एका गळतीने शिकवले. वरच्या मजल्यावरील पाण्याची टाकी रात्रभर वाहत राहिली आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटामागची भिंत पाझरली. सकाळी कपाट उघडले तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके फुगून एकमेकांत इतकी गच्च बसली होती की एक ओढले की तीन बाहेर येत. विम्याच्या अर्जात ‘नुकसानाचे स्वरूप’ असा एक रकाना होता. मी त्यात प्रामाणिकपणे ‘नासाडी’ असे लिहिले. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी ते खोडून ‘अंशतः क्षती’ असे केले, कारण पुस्तके अजून वाचता येत होती. पाने सोडवताना छपाई शेजारच्या पानावर उमटून येत होती, आणि तरीही कागदावर ती अंशतःच होती. क्षती हा शब्द तेव्हापासून माझ्या मनातून उतरला.

शुद्धमती

क्षतीवर राग धरू नका, शब्द सुंदर आहे. ‘क्षत’ म्हणजे जखम, घाव, म्हणून क्षतविक्षत. आणि जे तुटलेले नाही ते अक्षत. डोक्यावर पडतात त्या अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. क्षती म्हटले की वस्तू जागेवर असते पण तिला घाव लागलेला असतो. त्या दृष्टीने तुमच्या पुस्तकांबाबत पाहणी करणाऱ्याचा शब्द चुकला नव्हता, ‘अंशतः’ हे त्याचे औदार्य मात्र शंकास्पद आहे.

‘हानी’चा धातू वेगळा आहे. त्याचा अर्थ ‘टाकणे, सोडून जाणे’ असा असून ‘हीन’ हा शब्दही त्याचाच. हानीत गेलेले परत येत नाही. म्हणूनच जीवितहानी आणि मानहानी हे समास रुळले. ‘जीवितक्षती’ कोणी म्हणत नाही.

फुलपात्र

याला पुस्ती जोडतो. एखादा मोठा माणूस गेल्यावर ‘साहित्याची अपरिमित हानी झाली’ असे लिहितात; ‘साहित्याचे नुकसान झाले’ असे लिहिले तर कोणीतरी वहीत आकडा मांडत असल्यासारखे वाटते. उलट परीक्षेच्या दिवशी मूल आजारी पडले तर ‘त्याचे वर्षाचे नुकसान झाले’ असेच आपण म्हणतो, तिथे हानी म्हटले तर नाटकी वाटेल. नुकसान मोजता येते, हानी मोजवत नाही, असा फरक मला जाणवतो.

बखरकार

फुलपात्र यांचे निरीक्षण आवडले, परंतु ‘वित्तहानी’ या शब्दाने त्याला छेद जातो. वित्त मोजण्यासाठीच असते. बातमीत ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही, मात्र मोठी वित्तहानी झाली’ असे वाक्य असते आणि पाठोपाठ रकमेचा अंदाजही असतो. नियम म्हणून नव्हे, कल म्हणून तुमचे म्हणणे मान्य.

तोट्याकडे अजून कोणी वळलेले नाही. तोटा हा तूट आणि तुटणे यांचा नातेवाईक आहे, आणि त्याचा वापर दोन अंगांनी होतो: एक व्यवहारातला, नफ्याच्या समोरचा, दुसरा टंचाईचा, जसे ‘सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही’. आग लागून दुकान जळाले तर दुकानाचे नुकसान होते. त्यानंतर महिनाभर विक्री बंद राहिली तर मालकाला तोटा होतो. पहिले वस्तूला होते, दुसरे हिशेबात दिसते. षष्ठी आणि चतुर्थीचा हा फरक आपोआप पाळला जातो. कागदीघोडा यांच्या करारातला लॉस पुष्कळदा हा तोटा असावा आणि डॅमेज हे नुकसान असावे.

व्यापारी बोलीत याहून चविष्ट शब्द आहेत. धंद्यात खोट येते, खिशाला चाट बसते, भुर्दंड पडतो, आणि ज्यात घातलेले भांडवलही सुटत नाही तो आतबट्ट्याचा व्यवहार. करारात यांतले काही चालणार नाही, याचे वाईट वाटते.

देशीवाण

इतकी सुंदर संस्कृतोद्भव नामे असताना परक्या ‘नुकसाना’ची गरजच काय? ‘हानी’ आणि ‘हानिपूर्ती’ असे लिहावे. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्दही एके काळी नवे होते, आज कोणाला ते परके वाटत नाहीत.

बखरकार

दिनांक आणि महापौर रुजले हे खरे. पण तारीख गेली का? जन्मतारीख विचारताना कोणी जन्मदिनांक विचारत नाही. शिवाय नफा अरबी आणि तोटा देशी, तरी ‘नफातोटा’ हा समास कोणाला विजोड वाटत नाही. नुकसानही इतके मुरले आहे की त्याला मराठी स्त्रीलिंगी रूपही मिळाले. पाहुणा इतकी वर्षे घरात राहिला, घरच्यांसारखा वागला, तर त्याला आता दारावरची पाटी दाखवू नये.

देशीवाण

पाहुण्याने घरच्यांना अडगळीत टाकले असेल तर दाखवावी. तरीही ‘हानिपूर्ती’चा आग्रह सोडतो, कारण स्वतःच मोठ्याने म्हणून पाहिले आणि ते फारसे जमले नाही.

सातबारा

महसूल खात्यात अनेक वर्षे काढली असल्याने पंचनाम्याच्या भाषेबद्दल लिहितो. आमच्याकडे शब्द निवडण्याची मोकळीक नसे, कारण शब्दावर रक्कम ठरते. घराच्या बाबतीत ‘पूर्णतः पडझड’ आणि ‘अंशतः पडझड’ हे दोन वेगळे रकाने असतात, आणि अंशतः म्हणण्यासाठीही किमान १५ टक्के पडझड दिसावी लागते. शेतीपिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असल्याशिवाय शेतकरी मदतीच्या यादीत येत नाही. बांधावर उभे राहून, अर्धे आडवे झालेले पीक पाहून तेहतीस म्हणावे की तीस, हे ठरवणाऱ्याचा हात थरथरतो. समोर शेतकरी उभा असतो आणि तो आपल्या पेनाकडे पाहत असतो. पुराने मातीच गेली तर तिथे नुकसान न लिहिता ‘जमीन खरडून गेली’ असे लिहितात, कारण तिचे दर वेगळे.

आता मुद्द्याचे. गावात सगळे ‘नुकसानभरपाई आली का?’ असे विचारतात. पण शासन निर्णय काढून वाचला तर त्यात बहुधा भरपाई हा शब्द सापडणार नाही. पुढच्या हंगामात उपयोगी पडावी म्हणून ‘निविष्ठा अनुदाना’च्या स्वरूपात मदत देत असल्याचे त्यात म्हटलेले असते. निविष्ठा म्हणजे बी-बियाणे, खते वगैरे. कुठे ‘सानुग्रह अनुदान’ असते, म्हणजे अनुग्रहासह, कृपा म्हणून दिलेले. भरपाई म्हटली की किती गेले आणि किती भरले याचा हिशेब मागता येतो. मदतीचा हिशेब मागता येत नाही. विमा कंपनी देते ती मात्र भरपाई, कारण तिथे हप्ता भरलेला असतो. हा फरक समानार्थी शब्दांच्या यादीत दिसत नाही, खात्यावर रक्कम जमा झाल्यावर दिसतो.

फुलपात्र

सातबारा काका, हे वाचून थोडा वेळ थांबलो. ‘सानुग्रह’ शब्दाची फोड आजवर कधी करून पाहिली नव्हती.

दुपारची_झोप

दिवाळीत कर्मचाऱ्यांना मिळते तेही सानुग्रह अनुदानच. तिथे मात्र अनुग्रह झाला नाही तर संप होतो.

वादी_प्रतिवादी

कायद्याच्या बाजूने सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ मध्ये करारभंगामुळे झालेल्या हानीबद्दल किंवा नुकसानाबद्दल भरपाई मिळण्याची तरतूद आहे. दूरान्वयाने होणाऱ्या परिणामांची भरपाई मिळत नाही. कलम ७४ भाडेकरार करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. करारात आधीच एखादी रक्कम ‘दंड’ म्हणून लिहून ठेवली असली, तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. दंडाचा रोख चुकणाऱ्याकडे असतो, भरपाईचा रोख ज्याचे गेले त्याच्याकडे असतो. त्यामुळे मराठी मसुद्यात ‘दंड’ आणि ‘भरपाई’ हे शब्द आलटून पालटून वापरणे धोक्याचे आहे. याला शेजारचा आणखी एक नियम आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर जागा वापरणाऱ्याला, परवाना शुल्काच्या दुप्पट दराने रक्कम द्यावी लागते, आणि तिथे इंग्रजी पाठात ‘डॅमेजेस’ हा शब्द आहे. याला अनेक जण मराठीत ‘दुप्पट दंड’ म्हणतात. कायद्याने ती नुकसानभरपाई आहे.

यावरून डॅमेज आणि डॅमेजेस यांतला फरक स्पष्ट व्हावा. एकवचनी शब्द म्हणजे झालेले नुकसान, अनेकवचनी शब्द म्हणजे त्याबद्दल मागितलेली रक्कम. तेव्हा डॅमेजेसला ‘नुकसाने’ म्हणू नये, ती नुकसानभरपाई.

इन्जुरीचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. कायद्याच्या भाषेत इन्जुरी म्हणजे शरीराला झालेली इजाच असे नव्हे, तर हक्काला पोहोचलेली बाधा. इंग्लंडमध्ये १४१० साली एका गावात जुन्या शाळेसमोर दुसऱ्या शिक्षकाने शाळा काढली. स्पर्धेमुळे जुन्या शिक्षकांना शुल्क ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आणावे लागले आणि त्यांनी दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला: तोटा झाला हे खरे, पण हक्काला बाधा आली नाही. याच्या उलट १७०३ च्या एका प्रकरणात मतदाराला मत देऊ दिले नाही. त्याच्या पसंतीचा उमेदवार तरीही निवडून आला. त्याचे नुकसान काहीच झाले नव्हते, तरी हक्काला बाधा आली म्हणून त्याला भरपाई मिळाली. आपल्या ‘नुकसान’ शब्दात हे दोन्ही कोंबले की वाक्याचा अर्थच उलटतो.

आडवाटेचा_प्रवासी

म्हणजे माझी पुस्तके भिजली हे नुकसान, दुरुस्तीत गेलेले पैसे हा तोटा, आणि शेजाऱ्याने टाकी बंद न करणे ही माझ्या हक्काला बाधा. शेजाऱ्याने मात्र एक किलो पेढे आणले होते. त्याला काय म्हणावे?

दुपारची_झोप

सानुग्रह.

उंबरठा

मोबदल्याचा प्रश्न मागे राहिला आहे. मोबदला हा शब्दही अरबीच आहे, आणि बदल, बदली, बदला यांच्याशी त्याचे मूळ एक आहे, अर्थ अदलाबदल. म्हणून कामाचा मोबदला मिळतो, जमिनीचा मोबदला मिळतो, कारण एक वस्तू किंवा श्रम देऊन दुसरी गोष्ट घेतलेली असते. पाय मोडला तर मोबदला मिळत नाही, भरपाई मिळते, कारण पाय कोणी विकत घेतलेला नसतो. भूसंपादनात दोन्ही एकत्र येतात: जमिनीच्या किमतीवर आणखी एक रक्कम मिळते, तिला मराठीत ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. १८९४ च्या जुन्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनंतर ती ३० टक्के होती, २०१३ च्या कायद्याने ती १०० टक्के केली. मनाविरुद्ध जमीन सोडावी लागल्याबद्दल दिलासा, असा त्यामागचा विचार आहे. हे नाव ज्याने सुचवले त्याला मराठी उत्तम येत असणार.

आणखी एका प्रत्ययासारख्या शब्दाकडे लक्ष वेधते. ग्राहक आयोगाच्या मराठी आदेशात ‘शारीरिक व मानसिक त्रासापोटी’ आणि ‘तक्रारीच्या खर्चापोटी’ अशा रकमा लिहिलेल्या असतात. हे ‘-पोटी’ फार सोयीचे आहे. ‘नुकसानाबद्दलची भरपाई म्हणून’ एवढे लांबण लावण्याऐवजी ‘नुकसानापोटी’ म्हटले की काम होते. कागदीघोडा यांचे अकरांपैकी तीनचार नुकसान तिथेच वाचतील.

वादी_प्रतिवादी

‘-पोटी’ उत्तम सुचवले. इन्डेम्निटीसाठी मात्र ‘क्षतिपूर्ती’च ठेवावी, क्षतिपूर्ती बंधपत्र ही संज्ञा रूढ आहे. भरपाई नुकसान झाल्यावर मागतात, क्षतिपूर्तीचे वचन आधी लिहून घेतात.

कागदीघोडा

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस खर्डा पुन्हा हाताळला आणि मुख्य कलम आता असे झाले आहे:

‘परवानाधारकाच्या हयगयीमुळे जागेची पडझड किंवा फिटिंगची मोडतोड झाल्यास, त्यापोटी दुरुस्तीचा वाजवी खर्च परवानाधारकाने द्यावा, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज यात धरली जाणार नाही. अशा दुरुस्तीच्या काळात मालकास भाड्यात तोटा आल्यास त्याची भरपाई परवानाधारक करील.’

यात नुकसान हा शब्द एकदाही आलेला नाही, याचा मला थोडा अभिमान वाटतो. पूर्ण करारात तो आता दोन वेळा आहे.

शुद्धमती

‘तोटा आल्यास’ऐवजी ‘तोटा झाल्यास’ करावे. खोट येते, तोटा होतो. बाकी कलम वाचनीय आहे, आणि ‘झीज’ पाहून विशेष बरे वाटले. बहुतेक मसुद्यांत तिथे ‘सामान्य तूट-फूट’ असे हिंदी वळणाचे लिहिलेले असते.

वादी_प्रतिवादी

‘वाजवी’ घातलेत हे चांगले केलेत. ‘हयगय’ शब्दाची व्याख्या मात्र पहिल्या पानावर द्यावी, नाहीतर भिंतीला खिळा ठोकणे ही हयगय की वापर, यावर वर्षभर वाद चालेल.

बखरकार

भरपाईबद्दल एक गोष्ट राहिली. यातली ‘पाई’ पावण्याशी नाते सांगते. भर आणि पावणे. पूर्ण रक्कम पोहोचल्याची पावती असाही भरपाईचा एक जुना अर्थ आहे, आणि पावती हा शब्दही पावण्यातूनच आला. म्हणजे आज जो शब्द आपण मागताना वापरतो, त्याच्या पोटात मिळाल्याची कबुली आहे. करार संपताना अनामत परत केल्याची जी पावती घ्यायची, तिच्या मसुद्यात ‘रक्कम भरून पावलो’ असे जरूर लिहावे.

सातबारा

लिहावे, पण त्याखाली सही घेण्याआधी भाडेकरूच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून घ्यावे. ‘भरून पावलो’ हे लोक दोन प्रकारे म्हणतात.

कागदीघोडा

‘झाल्यास’ असा बदल केला. पावतीत ‘भरून पावलो’ घातले आहे, आणि हयगयीच्या व्याख्येत खिळ्यांची कमाल संख्या देण्यासाठी मालकांचे म्हणणे मागवले आहे. ते सहा म्हणतात, भाडेकरू दहा.